यात तो आहे का?

…आणि वर मलाच म्हणतात, "तू फार काळजी करतेस बाई!" करते म्हणजे? काळजी काय कुणी हौसेनं करतं का? भरतकाम आहे का ते, की दुपारी मोकळा वेळ मिळाला, घेतलं मांडीवर आणि काढले चार टाके? अहो, काळजी करावी लागत नाही, ती शिंकेसारखी येते! आणि शिंकणाऱ्या माणसाला कुणी म्हणतं का, "तू फार शिंकतेस, जरा बाहेर पड, चार ठिकाणी जेव, बरं वाटेल"? मला म्हणाले! म्हणाले आणि नेलं! एका ठिकाणी नाही, सगळं जग फिरवून आणलं मला… आणि तुम्हाला सांगते, एवढं जग फिरले, पण एका देशात म्हणून गरम घास पोटात गेला नाही.

हसू नका. जग म्हणजे विमानाबिमानातून नाही. आमच्याकडे बस डेपोच्या मागे एक रस्ता आहे. पूर्वी तिथे दिवसासुद्धा कुणी फिरकायचं नाही. मग कारखाने आले, कारखान्यांमागून कुठकुठली माणसं आली, आणि माणसं काय नुसती येतात होय? भांडी घेऊन आली, मसाले घेऊन आली, आणि बघता बघता टायरवाल्याच्या गाळ्यात लेबनॉन आलं, फोटो स्टुडिओत जपान आलं, आणि बंद पडलेल्या लॉन्ड्रीत इटली. आमच्या सातवीच्या पुस्तकात नकाशा होता, त्यात इटली बुटासारखी होती. इथे तिच्या शेजारी खरोखरच चपलांचं दुकान आहे. म्हणजे पुस्तक अगदीच काही खोटं नव्हतं.

आता ह्या रस्त्याच्या वाटेला मी कशाला जाते? पण आमच्या ताई! ताई म्हणजे माझी थोरली नणंद. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, सगळं शिवतात. पायाची मशीन. एके दिवशी मशीन थांबवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं हे पाय मारतेय. खाली मशीनच्या जागी सायकल असती तर जग फिरून परत आले असते मी."

झालं! त्याच दिवशी ठरलं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक देश. सगळ्यांनी जायचं. माझा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, त्याचा स्वभाव पण लिफ्टसारखाच… बटण दाबल्याशिवाय हलत नाही. ताईंनी बटण दाबलं, तो म्हणाला, "जाऊ की." सासूबाईंच्या तोंडात दात उरलेत मोजून चार, आणि त्या चारांचं आपसात पटत नाही, पण त्याही म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या जगात काहीतरी मऊ असेलच की!"

आणि मी? मी म्हटलं, "तुम्ही जा ताई. मी पोरीला घेऊन घरी थांबते."

का म्हणाले? सांगते. आमची पोरगी, भिंगरी म्हणतो आम्ही तिला, पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून. आता चार वर्षांची आहे. गेल्या वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाला गेलो होतो, तिनं केकचा एक तुकडा खाल्ला. एक! मी पाणी आणायला वळले, परत बघते तर ओठ सुजलेले, डोळे मिटत चाललेले, आणि श्वास असा… नको. त्या श्वासाचा आवाज मी तुम्हाला काढून नाही दाखवणार. बाकी सगळ्यांचे आवाज काढीन, तेवढा नाही. दवाखान्यात पोचलो, वेळेवर पोचलो. डॉक्टर म्हणाले, "शेंगदाणा. हिला तो चालत नाही. कणसुद्धा नको." आणि एका लाल डबीत इंजेक्शन दिलं. चुकून पोटात गेलाच तर तिथल्या तिथे टोचायचं आणि दवाखान्यात पळायचं.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत ना, तसं. नुसतं 'तो' म्हणायचं. "यात तो आहे का?" "तो नाही ना कुठे?" एकदा मी खिडकीशी उभी राहून नवऱ्याला ओरडून सांगत होते, "तो जर ह्या घरात शिरला ना, तर मी जीव देईन!" आणि खालच्या मजल्यावरची बाई पायऱ्या चढून वर आली, दार लोटून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मला सांग. कोण आहे तो?"

म्हणू दे. लोक काय, काहीही म्हणतात. मी म्हणते, विचारायला काय जातं?

तर मी म्हटलं घरी थांबते. त्यावर ताई काय म्हणाल्या? "थांब ना. आणि शाळेत? तिथे काय दप्तरात बसून जाणार आहेस?"

इथे बरोबर वर्मावर बोट ठेवलं बघा. कारण शाळेच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. फार चांगल्या आहेत बाई, चांगल्या माणसांचीच भीती वाटते मला. म्हणाल्या, "आम्ही लक्ष ठेवू हो. पण वर्गभर पोरं एकदम डबे उघडतात. शेजारच्यानं घास पुढे केला तर तिला स्वतःला 'नको' म्हणता आलं पाहिजे. ते आलं की घेऊन या, मी जागा धरून ठेवते."

नको! आमच्या भिंगरीला! अहो, ह्या पोरीनं जन्मात कशाला नको म्हटलेलं नाही! चमचा दिसला की आ. बोट दिसलं की आ. साबण चाटून झालाय, मेणबत्ती कुरतडून झालीय, आजीच्या गुडघ्याचं मलम… जाऊ दे. चिमणीच्या पिल्लासारखी सदा चोच उघडी. हिला नको म्हणायला कसं शिकवायचं? आणि नाही शिकली तर शाळा नाही, आणि शाळेत घातली आणि 'नको' म्हणाली नाही, तर… बघा, आली की नाही शिंक?

ताई म्हणाल्या, "चार ठिकाणी नेल्याशिवाय शिकणार कशी ती? घरात बसून कुणी पोहायला शिकलंय?" मी म्हटलं, पाण्याला निदान तळ असतो हो ताई! पण माझं ऐकतो कोण.

पहिला रविवार, लेबनॉन. टायरवाल्याच्या गाळ्यात आता गालिचा आलाय, पितळी दिवे आलेत, पण नीट वास घेतला तर रबराचा वास अजून येतो. मी घेतला. वाटलेल्या हरभऱ्याचं काहीतरी मऊ मऊ आलं, मधे खड्डा, खड्ड्यात तेल. सासूबाईंनी एक बोट घातलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे ह्या लोकांनी माझ्यासाठीच शोधून काढलंय." मी मात्र रंग बघितला. अगदी त्याच्या कुटाचा रंग! वाढणारे मिशीवाले काका होते, त्यांना आमची भाषा येत होती, पण कामापुरती. म्हटलं, शब्दांचा घोळ नको, सरळ फोनवर त्याचा फोटो काढला आणि धरला त्यांच्या नाकासमोर. "हा? हा आहे का?"

काकांचं तोंड पडलं. "नाही हो… हा नाही आमच्याकडे." मला इतकं बरं वाटलं! आणि लगेच काकांचा चेहरा फुलला. "पण पाहुण्याला नाही कसं म्हणणार? समोरच्या दुकानात मिळतो! आत्ता आणवतो! किती, अर्धा किलो?" आणि मी तोंड उघडायच्या आत एक माणूस पिशवी घेऊन धावत सुटला! त्याच्या मागे मी! एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, रस्ताभर ओरडतेय, "नको! आणू नको! परत फिर!" आणि तो माणूस मला बघून अजून जोरात पळतोय, त्याला वाटतंय बाईला फार घाई आहे! दुकानाच्या पायरीवर धरला त्याला. परत आले तर माझं ताट गार. हरभरा गार, रोटी गार. नवरा म्हणाला, "अगं, ते म्हणत होते ना नाही म्हणून." मी म्हटलं, वाढणारा म्हणत होता! वाढणाऱ्याचं काय ऐकायचं? कढईत हात कुणाचा असतो? आचाऱ्याचा! विचारायचं तर आचाऱ्याला विचारायचं. विचारायला काय जातं?

त्या दिवशी ताई जेवत होत्या कुठे? नुसत्या माझ्या अनवाणी पायाकडे बघत होत्या.

पुढच्या महिन्याचा रविवार, इटली. ह्या वेळेला मी शहाणी झाले होते. फोटोत दोष असा की माणसाला वाटतं आपण मागतोय. म्हणून नवऱ्याकडून चित्र काढून घेतलं आणि वर ही मोठी फुली मारली. आणि आत शिरतोय तोच, ऐका हं, वाढणारी मुलगी हसत पुढे आली आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "काळजी करू नका, आमच्याकडे तसलं काही नाही."

विचारायच्या आधी! म्हणजे चोराच्या मनात चांदणं! मी विचारलंच नाही तर ही नाही कशाला म्हणते? मी तशीच गेले आत, थेट स्वयंपाकघरात, आणि आचाऱ्यासमोर चित्र धरलं.

आता माझ्या नवऱ्याचा हात लिफ्टवर चांगला चालतो, कागदावर नाही. मधे बारीक, दोन्हीकडे फुगीर, अंगावर आडव्या उभ्या रेघा… आचाऱ्यानं चित्र बघितलं आणि पांढराफटक पडला. "हे? आमच्या जेवणात?" त्याला वाटलं अळी सापडली! मग जी धावपळ उडाली म्हणता! भाजीच्या टोपल्या पालथ्या, पानन् पान उलटून बघतायत, एक जण टेबलाखाली टॉर्च मारतोय. मी आपली समजावतेय, "अळी नाही हो, अळी नाही! जमिनीखाली येतो तो! जमिनीखाली!" वाढणाऱ्या मुलीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आचारी म्हणाला, अच्छा! जमिनीखालचं चालत नाही बाईंना! झालं. बटाटा काढला. कांदा काढला. लसूण निवडून निवडून काढली. गाजर होतं तेही गेलं. आणि टेबलावर आल्या नुसत्या उकडलेल्या पांढऱ्या दोऱ्या. ताईंनी एक दोरी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "काज करायला बरी आहे."

सासूबाई मात्र खूश. चावायलाच लागत नव्हतं. आणि भिंगरी? वाढणाऱ्या मुलीनं चमचा पुढे केला, हिची चोच उघडी. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी काहीतरी पुढे केलं, हिची चोच उघडी! मी मधे हात घातला म्हणून. मी नसते तर? शाळेत कोण आहे मधे हात घालायला?

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पडल्या पडल्या एकच विचार… फोटो दाखवला तर आणून देतात, चित्र दाखवलं तर अळी शोधतात, मग करायचं काय? आणि तुम्हाला सांगते, अशी युक्ती सुचली ना! पोलीस काय करतात? चोर ओळखायचा असला तर खरा चोरच समोर उभा करतात. मग मी पण खराच उभा करते की! अख्खी शेंग, टरफलासकट, हातात धरून दाखवायची. खरी वस्तू माझ्याच हातात दिसली तर आणून देतो असं कोण म्हणेल? आणि अळी कशी वाटेल?

पण घरात तो आणायचा म्हणजे! दुकानात गेले, हातात मोजा घातला, म्हटलं एक द्या. दुकानदार म्हणाला, "एक किलो?" "एक शेंग." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मोज्याकडे, आणि फुकट दिली. ती शेंग प्लास्टिकमधे, प्लास्टिक रुमालात, रुमाल पत्र्याच्या डबीत, डबीला चारी बाजूंनी चिकटपट्टी. आणि डबी माझ्या पिशवीत. पिशवीच्या ह्या कप्प्यात पोरीला वाचवणारी लाल डबी, त्या कप्प्यात पत्र्याची. देव आणि राक्षस शेजारी शेजारी. नवरा म्हणाला, "अगं, पण पिशवीत तोच घेऊन फिरायचं म्हणजे…" मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, अळी काढणारे!

जपान. तिथे मला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण आचारी तुमच्यासमोरच उभा असतो, मधे तापलेला मोठा तवा, लपवाछपवी नाही. आणि काय टापटीप! सगळ्या बाटल्या धुऊन पुसून एका रांगेत, तोंडं माझ्याकडे करून, जशा काही मलाच दाखवायला मांडल्यात. मी म्हटलं, एवढी स्वच्छता? नक्की काहीतरी पुसलंय!

आचाऱ्याला आमची भाषा येत नव्हती. मी उभी राहिले. मोजा घातला. डबी उघडली, शेंग दोन बोटांत अशी उंच धरली. मग पोरीकडे बोट. मग जीभ बाहेर, दोन्ही हात गळ्याला, डोळे वर… आणि टेबलावर धाडकन पडले. अख्खं जपान उभं राहिलं. आचाऱ्यानं पाण्याचा पेला आणला. मी डोळे उघडले, मान हलवली, "हे असं होतं. म्हणून नको." त्याला पटलं! कमरेत वाकून नमस्कार केला. त्यानं केला म्हणून मी केला. मी केला म्हणून त्यानं परत केला. मग एकेक बाटली त्यानं पुढे करायची, मी वास घ्यायचा, त्यानं वाकायचं, मी वाकायचं… आणि तव्यावर सगळं करपलं.

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, नमस्कार पोटात नाही जात गं. एखादा घास पण येऊ दे." मी म्हटलं, अहो आई, विचारायला काय जातं?

पण एक जण खूश होतं. भिंगरी! टाळ्या पिटतेय, "आई, परत पड! परत पड!" घरी गेल्यावर तिचा तोच खेळ. बाहुलीसमोर चमचा धरायचा, जीभ बाहेर काढायची आणि धाडकन पडायचं. मला वाटलं, बघा, आईच्या जिवाला घोर आणि लेकीला तमाशा.

आणि मग आलं इथिओपिया.

हे नवीनच उघडलेलं, रस्त्याच्या टोकाला, जुन्या गिरणीच्या जागेत. मालकीणबाई मोठ्या देखण्या, आवाज असा की सगळ्या टेबलांवर एकदम पोचतो. तिथे वेगळं ताट नाहीच! एकच भलीमोठी गोल परात, तिच्यात जाळीदार, आंबूस, मऊ भाकरी अंथरलेली, तिच्यावर पाच-सहा प्रकारच्या भाज्या आणि डाळी, आणि सगळ्यांनी त्यातच हात घालायचा. सासूबाई म्हणाल्या, "इथेच राहते मी." आणि त्या लोकांत रीत अशी की माया असली की आपल्या हातानं दुसऱ्याला घास भरवायचा. त्यात मान असतो म्हणे. घास जेवढा मोठा तेवढी माया मोठी. मालकीणबाई प्रत्येक टेबलाशी जाऊन भरवत होत्या!

कळलं ना तुम्हाला? घास भरवणारी बाई आणि चोच उघडी ठेवणारी पोर. म्हटलं, आधी आचारी गाठू. नवऱ्याला म्हटलं, "पोरीवर डोळा ठेवा," आणि पळाले आत. आचाऱ्यासमोर उभी राहिले, मोजा घातला, हात मागे घेतला पिशवीत घालायला… पिशवीच नाही. पिशवी खुर्चीला.

पिशवी खुर्चीला, खुर्ची पोरीशेजारी.

कशी बाहेर आले मला माहीत नाही. टेबलावर चिकटपट्टीची गुंडाळी. रुमाल. पत्र्याची डबी… उघडी. आणि रिकामी. भिंगरीची खुर्ची पण रिकामी. नवरा वर बघत होता. कुठे? छताला! पंख्याचा आवाज येतोय म्हणून! सासूबाईंचं तोंड भरलेलं. मी ओरडले, "पोरगी कुठाय?" त्या घास गिळेपर्यंत मला चार जन्म झाले. मग त्यांनी बोट दाखवलं, गल्ल्याकडे.

गल्ल्याशी मालकीणबाई उकिडव्या बसलेल्या, हातात हा एवढा मायेचा घास… आणि त्यांच्यासमोर माझी पोर जमिनीवर. उताणी. डोळे वर. जीभ बाहेर. आणि हाताशी तो.

तुम्हाला सांगते… नाही. खरंच नाही सांगता येणार. कानात नुसता तो मागच्या वर्षीचा श्वास. मालकीणबाई किंचाळतायत, लोक उभे राहिलेत, मी लाल डबी दातांनी उघडली, इंजेक्शन काढलं, पोरीच्या मांडीवरचा फ्रॉक वर केला, आणि टोचणार… एवढ्यात तिनं एक डोळा उघडला. एकच. आणि अगदी हळू, जसं नाटकात मागून पुढचं वाक्य सांगतात ना तसं, म्हणाली, "आई, थांब ना. मी त्यांना सांगतेय."

मी म्हटलं, "काय सांगतेस?"

"की मला नको. तो आहे का ते आधी विचारा."

मी बघितलं, ओठ नेहमीसारखे. श्वास नेहमीसारखा. तोंडात बोट घालून बघितलं, काही नाही. शेंग उचलून बघितली, टरफल अख्खं, साधी चीरसुद्धा नाही. म्हणजे झालं असं, मालकीणबाईंचा घास पुढे आला, पोरीनं चोच मिटली! जन्मात पहिल्यांदा मिटली! पिशवीतून डबी काढली, चिकटपट्टी सोडली, त्यांच्यामागे गल्ल्यापर्यंत धावली, प्लास्टिकसकट तो धरला, जसा मी धरते तसा, उंच, दोन बोटांत, आणि जीभ काढून धाडकन पडली. पडता पडता तेवढा प्लास्टिकमधून निसटला. मी तिथेच बसले आणि हमसून हमसून रडले, आणि रडत रडत तिचे हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत धुतले, परत धुतले, शेवटी पोरगी म्हणाली, "आई, माझं कातडं जाईल."

आणि मग आत आचाऱ्याचा आवाज चढला. तो बाहेर आला, शेंगेकडे बोट दाखवून तावातावानं काय काय बोलला, मालकीणबाईंनी आमच्या भाषेत सांगितलं, "हा विचारतोय, तो इथे आला कुठून? काल ह्या बाई येऊन सांगून गेल्या, म्हणून ह्यानं सगळी कपाटं उपसली, डबे उकळले, उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही त्याला. आणला कुणी?"

मी म्हटलं, "कोण बाई सांगून गेल्या?"

तर मालकीणबाईंचं बोट ताईंकडे.

ताई परातीकडे बघत भाकरीचा तुकडा मोडत होत्या. म्हणाल्या, "तू अनवाणी पळालीस ना त्या दिवशी रस्त्यानं… बघवलं नाही गं. मग म्हटलं, आपणच आदल्या दिवशी जाऊन यावं. इटलीत गेले, जपानात गेले. म्हटलं, हिनं विचारायच्या आत उत्तर तयार असू दे."

आता कळलं? त्या इटलीवाल्या मुलीच्या मनात चांदणं कसलं होतं! आणि त्या जपानी बाटल्यांची तोंडं माझ्याकडे का होती! म्हणजे अख्ख्या रस्त्यानं, देशोदेशीच्या आचाऱ्यांनी, भांडी घासून, कपाटं पुसून त्याला हद्दपार केलेला… आणि सगळ्या रस्त्यावर तो फक्त एकाच ठिकाणी होता. सगळ्यांच्या नजरा वळल्या. माझ्या पिशवीकडे.

सासूबाईंनी घास गिळला आणि म्हणाल्या, "काखेत कळसा…"

पुढचं म्हणायची गरजच पडली नाही. नवऱ्यानं गुपचूप शेंग उचलली आणि रस्त्यापलीकडे जाऊन टाकून आला. तेवढंच बटण न दाबता हलला.

असो. पोर शाळेत जाते आता. पहिल्याच दिवशी बाईंचा निरोप आला, मुलीला नको म्हणता येतं, छान येतं, फक्त दर वेळी खाली पडायची गरज नाही एवढं समजवा. मी फाटकाबाहेर उभी राहायचे, आता नाही राहत. म्हणजे राहते, पण वळणावर. ताईंची जगयात्रा चालूच आहे, मी पण जाते, बसते, आत जात नाही. आता गरम गरम जेवायला मिळेल असं वाटलं होतं मला.

पण काल रात्रीचं ऐका. माझ्याच घरात, माझ्याच हातचं, वाफाळतं ताट पुढ्यात घेतलं, पहिला घास उचलला आणि पलीकडून आवाज आला, "आई, थांब. यात तो आहे का?"

"नाही गं राणी. मीच केलंय."

"भाजीत?" "नाही." "पोळीत?" "नाही." "मिठात?" "नाही गं बाई!" "पाण्यात?" मी म्हटलं, पाण्यात कसा असेल? तर कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, हुबेहूब माझ्या आवाजात म्हणते कशी, "विचारायला काय जातं?"

आणि ताटातला एकेक पदार्थ मला आधी उचलून दाखवायला लावला, स्वतः वास घेतला, मला कमरेत वाकून नमस्कार करायला लावला, तिनं केला, परत मी केला… विचारायला काय जातं, विचारायला काय जातं, म्हणत जग फिरले हो मी. काय जातं ते आता घरात बसून कळलं.

गरम जेवण जातं.